कटाची कादंबरी, कोर्टाची कादंबरी

नाना आमच्या गल्लीतले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि संध्याकाळी ओट्यावर पुस्तक घेऊन बसू लागले. थरारकादंबऱ्यांचा नाद त्यांना मीच लावला. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा तिथल्या स्टॉलवरून मी अनुवादित पुस्तकांचा गठ्ठाच उचलून आणला. मुखपृष्ठं सगळी एकाच साच्यातली: तराजू, रक्ताचे शिंतोडे, मागे घुमटाची सरकारी इमारत. पहिलं पुस्तक नानांनी दोन दिवसांत संपवलं. दुसरं मात्र अर्ध्यातूनच परत आणलं आणि माझ्यापुढे टाकलं.

“खून कोनी करा हाई पयल्याच पानवर सांगी टाकं. आते वाचू काय भो?”

नानांना हवी होती कटाची कादंबरी आणि मी हातात दिली कोर्टाची. पाठीवर दोन्हींच्या ‘लीगल थ्रिलर’ असंच छापलेलं असतं. दोन्हींत मंत्री असतो, खून असतो, वकील असतो, वरून फोन येतात, फायली गायब होतात. म्हणून घोटाळा होतो. पण दोन्हींची भूक वेगळी आहे. कटाची कादंबरी विचारते, कोणी केलं आणि पाठीमागे कोण? ते कळलं की ती संपली. कोर्टाची कादंबरी बहुतेक वेळा तिथून सुरू होते. कोणी केलं ते कळलंय किंवा कळल्यासारखं वाटतंय. आता ते न्यायाधीशासमोर टिकेल का?

हा फरक मला पुस्तकांतून कळला असता तर बरं झालं असतं. कळला तो नोकरीत. मी वीसेक वर्षं एका वकीलसाहेबांकडे कारकुनी करतो. जिल्ह्यातल्या एका सेशन केसमध्ये, शेताच्या बांधावरून झालेल्या खुनात, कोणी कुऱ्हाड घातली ते गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. एप्रिल महिना, पंखा नुसता गरम हवा ढवळतोय. पुकारा झाला, पंच, म्हणजे वस्तू जप्त करताना हजर असलेला साक्षीदार, पिंजऱ्यात आला. मुद्देमालाचं पुडकं टेबलावर ठेवलं. खाकी कागद, सुतळी, वर लाखेचं सील. उन्हाळ्याने लाखेला बारीक तडे गेलेले. चिकटवलेल्या चिठ्ठीवर पंचाची सही होती, शाई तपकिरी पडलेली. सरकारी वकिलांनी विचारलं, सही तुमची का? तो म्हणाला, सही माझी. आणि मजकूर? “कोऱ्या कागदावर घेतली होती साहेब.” आरोपीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून त्याचाच उलटतपास घ्यायची परवानगी मागितली. मागच्या बाकावर मयताची आई बसली होती. तिला काय झालं ते समजेना. ती शेजारणीला विचारत होती, सही त्याचीच आहे म्हणतो ना, मग झालं ना?

कोर्टाच्या कादंबरीचा सगळा जीव त्या “मग झालं ना?”मध्ये आहे.

‘द पेलिकन ब्रीफ’ हे १९९२चं पुस्तक घ्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन न्यायमूर्ती मारले जातात आणि कायदा शिकणारी एक मुलगी त्यामागे कोण असेल याचं टिपण लिहिते. न्यायमूर्ती आहेत, कायद्याची विद्यार्थिनी आहे, पुस्तकाच्या नावातच ‘ब्रीफ’ हा वकिली शब्द आहे. तरी माझ्या लेखी ती कटाची कादंबरी, कारण तिचा जीव खटल्यात नाही. मुलगी पळते, मागे मारेकरी असतात, वाटेत पत्रकार भेटतो. उलट १९८७च्या ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’मध्ये सरकारी वकिलावरच सहकारी स्त्रीच्या खुनाचा आरोप येतो आणि तोच आपली गोष्ट सांगतो. तिथे पळापळ नाही. आहे ती तारीख, साक्ष, उलटतपास आणि हरवलेल्या वस्तूचा शोध. राजकारण तिथेही आहे, कारण मागे सरकारी वकिलाच्या पदाची निवडणूक चालू आहे.

या निवडणुकीपाशी आपला वाचक हमखास अडखळतो. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत तो लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो. म्हणजे खटला जिंकणं हाच त्याचा प्रचार. जळगाव नाहीतर धुळ्याच्या सरकारी वकिलाचे फोटो चौकाचौकात बॅनरवर लागलेत असं डोळ्यासमोर आणून बघा, तिकडच्या कादंबऱ्यांतलं अर्धं राजकारण आपोआप उलगडेल. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाबद्दल कटाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या गेल्या, पण त्या कटाचा खटला एकच उभा राहिला. न्यू ऑर्लिअन्सचे निवडून आलेले सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी क्ले शॉ या व्यापाऱ्यावर तो भरला. १९६९मध्ये ज्युरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या बारा सामान्य नागरिकांनी, तासाभराच्या आत शॉ यांना निर्दोष ठरवलं. गॅरिसन यांच्याकडे कटाची कादंबरी होती. कोर्टाची नव्हती.

ज्युरीबद्दल फार सांगत नाही. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यानंतर ती हळूहळू गेली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे: तिकडचा वकील बारा माणसांना डोळ्यांत डोळे घालून पटवतो, आपला वकील न्यायाधीशाच्या निकालपत्रातल्या परिच्छेदासाठी भांडतो.

हे दोन प्रकार एकाच घटनेत शेजारी शेजारी बघायचे असतील तर कादंबरीचीही गरज नाही. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्यानंतर दोन वाटा समांतर चालल्या. एका वाटेवर चौकशी आयोग. वर्मा आयोगाने सुरक्षेतल्या त्रुटी पाहिल्या, जैन आयोगाने व्यापक कटाचा माग काढायचा होता. आयोगाला प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात: कोणाला फायदा, कोणी डोळेझाक केली, कोणाचे कोणाशी संबंध. जैन आयोगाचा अंतरिम अहवाल १९९७मध्ये बाहेर आला, त्यावरून काँग्रेसने पाठिंबा काढला आणि गुजराल सरकार पडलं. एका अहवालाने दिल्लीतलं सरकार गेलं! कटाच्या कादंबरीचा शेवट याहून मोठा कसा करणार?

दुसऱ्या वाटेवर खटला. विशेष न्यायालयाने जानेवारी १९९८मध्ये २६ आरोपींना, सगळ्यांना, फाशी सुनावली. मे १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकेकाचा पुरावा वेगळा करून पाहिला. चौघांची फाशी कायम राहिली, तिघांना जन्मठेप झाली. उरलेल्या १९ जणांवरचा खुनाच्या कटाचा आरोप टिकला नाही. मारेकऱ्यांना ओळखणं, त्यांना आसरा देणं, नंतर लपवणं ही एक गोष्ट. खुनाच्या करारात सामील असणं ही दुसरी. आयोगाच्या अहवालात ही नावं एका ओळीत बसू शकतात. कोर्टात प्रत्येक नावापुढे आपापला पुरावा लागतो. चौकशी आयोगांचा १९५२चा कायदा तर असा आहे की, आयोगापुढे तुम्ही जे बोललात ते खोट्या साक्षीचा खटला सोडला तर तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. दोन वाटांमध्ये मुद्दामच भिंत घातलेली आहे.

कट हा शब्दसुद्धा दोन्हीकडे एकच नाही. कादंबरीतला कट म्हणजे जाळं, खालपासून वरपर्यंत. कायद्यातला कट म्हणजे करार. दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदा गोष्ट करायचं ठरवलं पाहिजे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम १२०-ब म्हणून सगळ्यांना पाठ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६१. एकट्याचा कट होत नाही. आणि असा करार कोणी स्टॅम्पपेपरवर करत नाही, म्हणून तो आजूबाजूच्या गोष्टींवरून जुळवावा लागतो. इंदिरा गांधींच्या हत्येच्या खटल्यात केहरसिंग यांच्याविरुद्धचा एक दुवा असा होता की, ते आणि गोळ्या झाडणारा अंगरक्षक बिअंतसिंग गच्चीवर जाऊन दबक्या आवाजात बोलत होते. काय बोलत होते, ते कोणी ऐकलं नव्हतं. बाकीच्या दुव्यांसोबत तो धरून १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली आणि त्याच निकालात बलबीरसिंग यांना सोडलं. दोघांचीही नावं त्याच कटात होती. निकालपत्र कंटाळवाणं असतं असं म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचावं. गच्चीवरची ती कुजबूज पुरावा म्हणून पुरेल का, हा वाद मला अजूनही कोणत्याही पाठलागापेक्षा जास्त ओढून धरतो.

नानांना यातलं सगळं सांगत बसलो नाही. त्यांना पेनड्राइव्हची गोष्ट सांगितली. कटाच्या कादंबरीत नायक जीव मुठीत धरून पेनड्राइव्ह मिळवतो. त्यात मंत्र्याचं संभाषण असतं. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचतो, दुसऱ्या दिवशी हेडलाइन, मंत्री पडला, पुस्तक संपलं. तोच पेनड्राइव्ह कोर्टात आला की आरोपीचा वकील अंगठ्याने चष्मा वर सारतो आणि शांतपणे विचारतो, याचं प्रमाणपत्र कुठे आहे? मूळ यंत्र हजर करणार नसाल, तर ही नक्कल कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या वादातच २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं पुन्हा सांगितलं. तिथे प्रश्न निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा होता. खून नाही, मारेकरी नाही, तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते एका कागदासाठी.

“म्हणजे जीव धोक्यात घालून आणलेली वस्तू एका कागदावाचून जाते?” नानांनी विचारलं.

“जाऊ शकते.”

“अन् तुम्ही याला थरार म्हणता?”

म्हणतो. पण सगळ्यांनी म्हणावं असा माझा हट्ट नाही. सुरत पॅसेंजरमध्ये अमळनेर ते नंदुरबार उभ्याने जायचं असेल, तर मीसुद्धा कटाचीच कादंबरी पिशवीत टाकतो. नरडाण्याला एक खून, दोंडाईच्याला दुसरा, उतरेपर्यंत मन गुंतून राहतं. कोर्टाची कादंबरी बसून वाचायची, शक्यतो पेन्सिल घेऊन. कोण काय बोलला, कोणत्या तारखेला बोलला, ते त्याने स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं, हे लक्षात नसेल तर उलटतपासाच्या प्रकरणात काय फुटलं ते कळणारच नाही. विकत घेताना मी एक खूण बघतो. पुस्तक मधूनच उघडायचं. त्या पानावर माणसं धावत असतील तर ते कटाचं. बसून एकमेकांना प्रश्न विचारत असतील तर कोर्टाचं. मुखपृष्ठावरच्या तराजूवर जायचं नाही.

परत आणलेलं ते पुस्तक नाना त्या दिवशी पुन्हा घेऊन गेले, मुख्यतः माझ्यावरच्या संशयापोटी. आठवडाभर बोलले नाहीत. मग एका रात्री, जेवणं होऊन लाइट गेलेली, सगळी गल्ली ओट्यांवर वारा शोधत बसलेली, त्यांचा नातू मोबाइलवर कसलीशी वेबसिरीज बघत होता. तिच्यातल्या पत्रकाराने भर सभेत मंत्र्यासमोर पेनड्राइव्ह उंच धरला. नातवाने आनंदाने मांडीवर थाप मारली. नाना त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“ते ठीक शे रे,” ते म्हणाले, “पन त्यानी सर्टिफिकेट जोडेल शे का?”