२१ दिवस आणि उंदराचं वळण

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जानेवारीत एक चॅलेंज येतं. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या कामांची यादी करायची, सलग २१ दिवस. तेवढ्यात म्हणे सवय लागते, आणि २२व्या दिवसापासून यादी आपोआप होते. यंदाही आलं. चौथ्या दिवशी अर्ध्यांनी सोडलं, तेराव्या दिवशी उरलेल्यांनी. सोडणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, खोट आपल्यातच आहे.

२१ हा आकडा आपल्याला चटकन पटतो. दूर्वा २१, मोदक २१, मग दिवस का नाहीत? पण या आकड्याचा उगम आहे न्यूयॉर्कचा मॅक्सवेल माल्ट्झ हा प्लास्टिक सर्जन. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. पुढे सांगोवांगीत त्यातलं ‘किमान’ गळलं, मग नाकही गळलं, आणि उरला नुसता आकडा.

खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ते २०१० साली छापून आलं. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी कृती निवडली आणि रोज ठरल्या प्रसंगी, १२ आठवडे केली. ती ‘आपोआप’ होऊ लागायला किती दिवस लागले? मध्यक ६६, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला २५४. (१२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, मग २५४ कुठून आले? आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे तो. हे चॅलेंजवाले सांगत नाहीत.) आणखी एक: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं.

पण दिवस मोजण्यापेक्षा मला जास्त आवडतो तो प्रश्न असा, की या दिवसांत डोक्यात नेमकं होतं काय?

मराठीत आपण ‘वळण लावणं’, ‘अंगवळणी पडणं’ म्हणतो. गंमत अशी, की शास्त्रज्ञांना सवयीचा माग लागला तो अक्षरशः एका वळणावर. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांसाठी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची बोळ केली होती. दार उघडलं की धावायचं, एक सूर ऐकू आला तर डावीकडे वळायचं, दुसरा आला तर उजवीकडे. बरोबर वळलं की चॉकलेटचा खाऊ. मेंदूच्या तळाशी स्ट्रायेटम नावाचा भाग असतो. तिथल्या चेतापेशींचे विद्युत संदेश बारीक तारांनी टिपले जात होते.

उंदीर नवखा असताना त्या पेशी सगळ्या वाटेवर बडबडत होत्या: दारापाशी, सूर ऐकताना, वळताना, खाऊपाशी. सराव झाल्यावर मधली बडबड मावळली. पेशी जोरात बोलत होत्या त्या फक्त दोनदा, धाव सुरू होताना आणि संपताना. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. सुट्या हालचालींची मेंदूने एक मोळी बांधली होती, आणि दोन्ही टोकांना गाठ मारली होती. आता दार उघडलं की अख्खी मोळी एकदम उचलली जाते. मधल्या काड्या कुणी मोजत नाही.

गाठ बसते कशी? इथे जरा दम धरा. मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, स्ट्रायेटमच्या एकेका पेशीवर हजारो जोडण्या येतात. अनपेक्षित बक्षीस मिळालं की मेंदूच्या मध्यभागातून डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि नुकत्याच वापरल्या गेलेल्या जोडण्या पक्क्या होतात. हे वारंवार झालं की कारभार स्ट्रायेटमच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकतो. आतली बाजू ‘यातून काय मिळेल’ याचा हिशेब ठेवते. बाहेरची ठेवत नाही. तिला खूण दिसली की पुरे. म्हणून मग बक्षीस नासलं तरी पाय तिकडेच जातात.

हे नासवणंही करून पाहिलंय. ग्रेबिएल आणि काईल स्मिथ यांच्या २०१२ च्या प्रयोगात उंदरांना मळमळ होईल अशी व्यवस्था करून चॉकलेट दूध नकोसं करण्यात आलं. तरीही ते सवयीने त्याच बाजूला धावत राहिले. मग कॉर्टेक्सचा एक चिमुकला भाग प्रकाशाच्या साहाय्याने काही सेकंद बंद केला, तर सवय तुटली आणि उंदीर दुसरीकडे जायला लागले. हळूहळू तेच नवं वळण झालं. पुढे तोच भाग पुन्हा बंद केल्यावर नवी सवय गेली, आणि जुनी जशीच्या तशी परत आली! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

जाता जाता, ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचं एक खूळ निघालंय: काही काळ मोबाइलसारख्या मजेच्या गोष्टी बंद ठेवून म्हणे डोपामिनचा निचरा करायचा. डोपामिन हे काही शरीरात साठलेलं विष नाही. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो, आणि साधं पाऊल उचलणंही अवघड होऊन बसतं. तसंच वास्तूवाल्यांचं. टेबल पूर्वेकडे फिरवल्यावर काही दिवस काम चांगलं झालंच, तर ते दिशेमुळे नव्हे. जागा बदलली की जुन्या खुणा पुसल्या जातात, पश्चिमेकडे फिरवलं असतं तरी तेच. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांमध्ये हे पाहिलंय: भोवताल बदलला तिथे जुन्या सवयी ढिल्या पडल्या.

आता ऑफिसचं. उंदराची धाव रोज तीच असते, आपलं काम रोज वेगळं. म्हणून ‘रोज दोन तास एकाग्र होऊन काम करण्याची सवय’ असं काही लागतं यावर माझा विश्वास नाही. अहवाल लिहिताना दर वाक्याला विचार करावाच लागतो, त्याची मोळी होत नाही. सवय लागू शकते ती कामाला बसण्याची आणि कामावरून उठण्याची, म्हणजे दोन गाठींची. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय, की ‘मी रोज यादी करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझं अमुक म्हणजे जेवणाचा डबा. तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला की संगणक सुरू करायच्या आधी एका पाठकोऱ्या कागदावर आजचं पहिलं काम लिहायचं. एकच. संध्याकाळी डबा पिशवीत गेला की ते खोडायचं.

किती दिवस लागले ते मोजलं नाही. सुट्ट्या झाल्या, एकदा डबाच घरी राहिला तर कागदही राहिला. पण आता कागद न लिहिता मेल उघडली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पीळ मात्र शिल्लक आहे. आमचं ऑफिस घाटकोपरहून दादरला हललं तेव्हा पहिल्या आठवड्यात मी दोनदा घाटकोपरलाच उतरलो होतो. मग ते सुटलं. परवा, तीन वर्षांनी, एका कामासाठी मुद्दाम घाटकोपरला उतरलो, तर पाय जिना उतरून थेट जुन्या चहाच्या टपरीकडे वळले. तिथे आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे.