संथ इंटरनेटवरून दूरस्थ बॅकअप : पार्श्वभूमी

माहितीची एक प्रत मूळ जागेपासून दूर ठेवावी, ही पद्धत इंटरनेटपेक्षा जुनी आहे. चुंबकीय टेपची रिळे गाडीत घालून दुसऱ्या इमारतीत, काही वेळा तर बंद पडलेल्या खाणीत, नेऊन ठेवली जात. पुढे हेच काम तारेवरून करावे असे वाटू लागले, पण हिशेब जुळेना. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या व्ही.९० मोडेमचा ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) हा वेग फक्त डाउनलोडचा होता, अपलोड ३३.६ केबीपीएसच्या वर जात नसे, म्हणजे एक जीबी पाठवायला सुमारे ६६ तास. फोनच्याच तारेवरून अधिक वेगवान इंटरनेट देणाऱ्या एडीएसएलनेही हा दुजाभाव कायम ठेवला, आणि बॅकअप जातो तो नेमका अरुंद बाजूने.

तार रुंद होईपर्यंत थांबण्यापेक्षा कमी पाठवावे, या विचाराला पक्के रूप आले ते १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांच्या आरसिंक या फाइली जुळवून घेणाऱ्या प्रोग्राममुळे. फाइल बदलली हे ओळखणे सोपे असते; पण तिची जुनी प्रत दूरच्या यंत्रावर आणि नवी आपल्याकडे असताना, दोन्ही शेजारी न ठेवता फरक कसा काढायचा, हा खरा पेच होता. आरसिंकमध्ये दूरचे यंत्र जुन्या फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे पाडते आणि प्रत्येकाच्या दोन बेरजा (चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या छोट्या ओळखसंख्या), एक झटपट निघणारी व एक भरवशाची, इकडे पाठवते. इकडचे यंत्र नव्या फाइलवरून तेवढ्याच मापाची चौकट एकेक बाइट सरकवत नेते. चौकट सरकली की मागचा बाइट वजा करून पुढचा मिळवायचा. झटपट बेरीज पुन्हा मुळापासून करावी लागत नाही. ती जुळली तरच भरवशाची बेरीज तपासली जाते. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घुसवल्याने पुढचे सगळे सरकले, तरी जुने तुकडे सापडतात आणि तारेवरून जवळपास तेवढे अक्षरच जाते. मला तर या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते.

मात्र आरसिंकला समोर जुनी फाइल लागते, आणि तीही वाचता येण्याजोगी. परक्याच्या यंत्रावर प्रत कूटबद्ध करूनच ठेवायची म्हटली की अडचण येते, कारण कूटबद्ध फाइलमध्ये एका अक्षराच्या बदलाने पुढचा बराच मजकूर ओळखू न येण्याइतका पालटू शकतो. यातून वाट निघाली ती तुकड्यांच्या सीमा मजकुरावरूनच ठरवण्याच्या कल्पनेतून. २००१ मध्ये मांडलेल्या एलबीएफएस या खास संथ जोडणीसाठी रचलेल्या फाइल प्रणालीत ४८ बाइटांच्या खिडकीवरून राबिन ठसा (मजकुरावरून काढलेली एक संख्या) काढला जाई, आणि त्याचे शेवटचे १३ बिट ठरलेल्या संख्येशी जुळले की तिथे तुकडा संपे. तुकडे सरासरी आठ केबीचे पडत. बेल लॅब्जच्या व्हेंटी या साठवण प्रणालीने २००२ मध्ये तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ओळखसंख्या, हाच त्याचा पत्ता मानला, त्यामुळे तोच तुकडा दुसऱ्यांदा साठवण्याचा प्रश्नच उरला नाही. २०१५ मध्ये अॅटिक या बॅकअप प्रोग्रामपासून वेगळे झालेले बोर्ग आणि त्याच सुमाराचे रेस्टिक या प्रोग्रामांनी हे धागे एकत्र आणले : आधी तुकडे, मग ओळख, नंतर कूटबद्धता, आणि जे तिकडे नाही तेवढेच अपलोड.

पहिल्या पूर्ण प्रतीला मात्र यातले काहीच फारसे उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा पलीकडे जुळवायला काही नसते. एक एमबीपीएसने एक टीबी चढवायला अखंड सुमारे ९३ दिवस लागतात. त्यामुळे २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांकडून डिस्क टपालाने मागवून त्यांतली माहिती आपल्या साठ्यात भरण्याची सोय सुरू केली, आणि टेप वाहणारी ती गाडी पुन्हा रस्त्यावर आली.