भूसुरुंग स्फोटातून वाचलेल्यांसाठी मानसिक-सामाजिक आधार : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

स्फोटात पाय गेला तर कृत्रिम पाय कुठे बसवून मिळतो, हे रुग्णालयात कोणीतरी सांगतंच. पण झोप उडालेली असते, पायवाटेवर पाऊल टाकायला जीव धजत नाही, घरच्यांशीही बोलावंसं वाटत नाही. यासाठी मदत असते आणि ती अर्ज करून मागता येते, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. म्हणून इथे त्याच अर्जाबद्दल.

आधार कोणत्या नियमाचा?

भूसुरुंगबंदी करार १९९७ मध्ये झाला आणि १ मार्च १९९९ पासून लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात पीडितांवरचे उपचार, पुनर्वसन आणि त्यांना पुन्हा समाजात व रोजगारात सामावून घेणं यांचा उल्लेख आहे. मानसिक आधार हे शब्द स्पष्टपणे येतात ते २००८ च्या क्लस्टर बॉम्बबंदी करारात (क्लस्टर बॉम्ब म्हणजे फुटून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब), पाचव्या कलमात. हा करार मान्य केलेल्या देशांनी इतर कारणांनी जखमी झालेल्यांना वेगळी वागणूक द्यायची नाही, असंही तेच कलम सांगतं. त्यामुळे भूसुरुंगाने जखमी झालेली व्यक्तीही त्याचा दाखला देऊ शकते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातलं २६ वं कलमही उपयोगाचं आहे. आपल्यासारख्याच अनुभवातून गेलेल्या माणसांचा आधार हा पुनर्वसनाचा भाग आहे, असं त्यात नमूद आहे. आपल्या देशाने यांतले कोणते करार मान्य केले आहेत, हे अर्जापूर्वी पाहून ठेवा.

पात्र कोण?

सगळ्यात जास्त माणसं इथेच सुटतात. जखमी झालेली व्यक्ती पात्र आहेच, पण क्लस्टर करारातली पीडितांची व्याख्या शारीरिक जखमेपुरती थांबत नाही. मानसिक इजा, आर्थिक नुकसान, समाजात बाजूला पडणं हेही तिच्यात येतं आणि बाधित कुटुंबही येतं. नवरा गेल्यावर घर एकटीने ओढणारी बाई, भावाला डोळ्यांदेखत जखमी होताना पाहिलेला मुलगा, यांनी स्वतःच्या नावाने मदत मागावी. ‘मला तर काही झालं नाही’ असं म्हणून मागे राहू नये.

पेन्शन किंवा भरपाईला अपंगत्वाच्या टक्केवारीची अट असू शकते. समुपदेशनालाही तीच अट सांगितली गेली, तर तो नियम लेखी दाखवायला सांगा. सैनिकांसाठी अनेकदा वेगळा विभाग असतो, निर्वासितांनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यंत्रणेकडे जावं.

कागदपत्रे

ओळखपत्र, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, घटनेची पोलिसांत किंवा स्थानिक प्रशासनात झालेली नोंद, अपंगत्व प्रमाणपत्र असल्यास ते आणि लहान मुलासाठी पालकाची संमती. डिस्चार्ज कार्डावर ‘पायाला जखम’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती स्फोटामुळे झाली अशी दुरुस्ती लगेच करून घ्या. वर्षभराने तोच डॉक्टर सापडेलच असं नाही. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, प्रती द्या. घटनेची नोंदच नसेल तर साक्षीदारांचे जबाब किंवा प्रतिज्ञापत्र चालतं का, ते विचारा. एखादा कागद कमी आहे म्हणून पहिली मानसिक मदत अडवली जाणं मला अजिबात मान्य नाही. कागद मागाहून जोडता येतो.

अर्ज कसा करावा?

आधी घटना आणि व्यक्ती यांची नोंद भूसुरुंग निर्मूलनाचं काम पाहणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे आहे का, याची खात्री करा. मग आरोग्य किंवा समाजकल्याण विभागाकडे अर्ज द्या. त्यात ‘मानसिक-सामाजिक आधार हवा आहे’ हे स्वतंत्र वाक्यात लिहा, नाहीतर अर्ज केवळ कृत्रिम अवयवाचा समजला जातो. झोप, भीती, कापलेल्या पायाच्या जागी जाणवणाऱ्या वेदना, शाळा किंवा काम सुटणं, असा रोजचा त्रास थोडक्यात मांडा. स्फोटाचं सविस्तर वर्णन या अर्जात लिहायची गरज नाही. मानसिक प्रथमोपचारातही, म्हणजे संकटानंतर लगेच दिल्या जाणाऱ्या पहिल्या आधारातही, माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडायचं नसतं. प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागत असेल, तर आधीचा जबाब ग्राह्य धरा अशी विनंती करा. पोचपावती आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

कोलंबियात ही वाट कायद्याने आखून दिली आहे. २०११ च्या कायदा क्र. १४४८ नुसार पीडित व्यक्ती सरकारी कार्यालयात निवेदन देते, त्यावर ६० कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. पीडित म्हणून नोंद झाली की ‘पापसिव्ही’ या कार्यक्रमातून व्यक्तीला, कुटुंबाला किंवा समूहाला मानसिक-सामाजिक आधार मिळू शकतो. तो घेणं ऐच्छिक आहे.

मंजुरीनंतर

मदत म्हणजे दरवेळी मानसोपचारतज्ज्ञच, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पद्धतीत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ता पाच बैठकांमध्ये ताण आणि अडचणी हाताळायला शिकवतो. त्रास तीव्र असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अर्जाच्या निकालाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. स्वतः अवयव गमावलेल्या माणसाशी बोलण्याची सोय आहे का, तेही जरूर विचारा. काबूलमधल्या रेडक्रॉसच्या कृत्रिम अवयव केंद्रात अनेक कर्मचारी स्वतः अपंग आहेत. तिथे नव्याने आलेल्याला चालायला शिकवणारा माणूस स्वतःही कृत्रिम पायावर उभा असू शकतो.

वाढत्या वयाच्या मुलांचा कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो. त्या प्रत्येक भेटीत मुलाच्या मनाची विचारपूस व्हावी, असं पुनर्वसन योजनेत आधीच लिहून घ्या. अर्ज फेटाळला तर कारण लेखी घ्या आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारा. आज समुपदेशन नको असेल तर नकार देता येतो, पण ‘पुढे गरज पडल्यास पुन्हा मागणी करीन’ अशी नोंद फाइलमध्ये करून ठेवा.