लिंकन घराण्याचा वंशशोध

लिंकन घराण्याचा वंशशोध : अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) यांच्या घराण्याचा मॅसॅचुसेट्समधल्या हिंगम गावापर्यंत लागलेला माग. सॅम्युएल – मॉर्डेकाय – धाकटा मॉर्डेकाय – जॉन – अब्राहम (आजोबा) – थॉमस – अब्राहम अशा या सात पिढ्या. पहिला विणकर, दुसरा लोखंडाच्या भट्ट्यांचा धनी आणि शेवटचा वकील. मधले सगळे मुख्यतः जमिनीवर जगले आणि जमिनीसाठीच हलले. शेवटच्या पाच पिढ्यांत हे घराणे मॅसॅचुसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, इंडियाना आणि इलिनॉय असे फिरले. दर मुक्कामाला मागचे गाव विसरले गेले. मागे राहिली ती खरेदीखते, मृत्युपत्रे आणि कोर्टातले कज्जे. घरातल्या आठवणींपेक्षा हे कागदच शेवटी उपयोगी पडले.

स्वतः लिंकन यांनाही आपले कूळ माहीत नव्हते. १८४८ मध्ये ते काँग्रेसचे सदस्य असताना हिंगमचा इतिहास लिहिणाऱ्या सॉलोमन लिंकन यांनी त्यांना पत्र पाठवून घराण्याची चौकशी केली. उत्तरात लिंकन यांनी कळवले की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) केंटकीला आले, पणजोबा पेनसिल्व्हेनियाहून व्हर्जिनियाला आले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते असे मोघम ऐकले आहे, त्यापलीकडे काही ठाऊक नाही. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, गरिबीत आणि नव्या मुलखात वाढले, शिकले नाहीत, म्हणून घरचा इतिहास पुढे आला नाही, असे कारणही त्यांनी दिले. त्याच सुमारास रॉकिंगहॅममधल्या डेव्हिड लिंकन नावाच्या नातलगाशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १८५९ च्या आत्मवृत्तात मात्र त्यांनी निकाल देऊन टाकला : न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नाते जोडण्याच्या खटपटीतून एनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावे दोन्हीकडे सापडतात, याहून ठोस काही निघाले नाही. नाते खरेच होते. सांधणारे कागद तेव्हा त्यांच्यासमोर नव्हते, इतकेच.

मूळ पुरुष सॅम्युएल. इंग्लंडच्या नॉरफकमधल्या हिंगमचा हा पोरगा १६३७ मध्ये नॉरिचच्या फ्रान्सिस लॉझ या विणकराकडचा शिकाऊ उमेदवार म्हणून जहाजात बसला. निघताना झालेल्या तपासणीत त्याचे वय १८ लिहिले आहे, तर चर्चच्या वहीत बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ चा आहे, म्हणजे पंधराही पुरे नव्हते. एक तर वय वाढवून सांगितले, नाही तर बाप्तिस्मा उशिरा झाला. अशा जागी दोन्ही नोंदी लिहून ठेवून पुढे जायचे असते. आपल्याला सोयीचे वर्ष निवडून वंशावळ छापणाऱ्यांनी या क्षेत्रात बराच घोळ घातला आहे.

मॅसॅचुसेट्सच्या हिंगममध्ये वेगळीच पंचाईत होती. सुरुवातीच्या वसाहतीत थॉमस लिंकन नावाचे चार जण होते. गावाने त्यांना धंद्यावरून ओळखले : विणकर थॉमस, पिंपे घडणारा थॉमस, गिरणीवाला थॉमस आणि शेतकरी थॉमस. त्यांतला विणकर हा सॅम्युएलचा सख्खा भाऊ. बाकीच्यांना आडनावावरून भाऊबंद मानले की पहिल्याच पिढीत झाड वाकडे वाढते. तरी न्यू इंग्लंड हा संशोधकाला सुखाचा प्रदेश. मॅसॅचुसेट्सच्या वसाहतीने १६३९ पासूनच गावोगावी जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवायला सांगितले होते, आणि देशातली सर्वांत जुनी वंशशास्त्र संस्था १८४५ मध्ये बॉस्टनलाच निघाली. दक्षिणेत आणि पश्चिमेच्या जंगलात हे सुख नाही.

धागा तुटला होता तो तिसऱ्या पिढीपाशी. सॅम्युएलचा नातू धाकटा मॉर्डेकाय न्यू जर्सीत गेला आणि तेथे त्याने रिचर्ड सॉल्टरची मुलगी हॅना हिच्याशी लग्न केले. मनमथ काउंटीत त्यांच्या डेबोरा नावाच्या मुलीच्या थडग्याचा दगड सापडला. मृत्यू मे १७२०, वय ३ वर्षे ४ महिने. लिंकन हे आडनाव त्या मुलखात होते याचा हा छोटासा पुरावा. पुढे मॉर्डेकाय पेनसिल्व्हेनियात गेला. एक्सेटर टाउनशिपमधले त्याचे १७३३ चे दगडी घर अजून उभे आहे. १७३६ मध्ये तो वारला तेव्हा जर्सीतली ३०० एकर जमीन त्याने थोरल्या जॉनला दिली होती. १७४८ मध्ये जॉनने ती विकली, आणि त्या खरेदीखतात विकणारा पेनसिल्व्हेनियाचा रहिवासी असल्याचे लिहिलेले आहे. एका बाजूला मॅसॅचुसेट्समधल्या थोरल्या मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात दूर गेलेल्या मुलांचा उल्लेख, दुसऱ्या बाजूला हे खत. सांधा जुळला. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे जुने फेरफार काढून भाऊबंदकीचा उलगडा करावा, तसाच हा प्रकार.

क्वेकरपणाची घरातली समजूत मात्र अर्धीच खरी ठरली. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या एका मुलाने १७६० मध्ये ॲन बून हिच्याशी लग्न केले. ही सीमेवरचा प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून याची चुलत बहीण, क्वेकर घरातली. पंथाबाहेर लग्न केले म्हणून एक्सेटरच्या सभेने तिला ठपका दिला. म्हणजे निदान तिचा नवरा क्वेकर नव्हता. सभेच्या इतिवृत्तांमुळे हे कळते. ते वाचताना महिन्यांची नावे नसतात, क्रमांक असतात, आणि १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने पहिला महिना म्हणजे मार्च. हे विसरले की लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर मृत्युपत्र अशा गमती निघतात.

जॉन १७६८ मध्ये शेनान्डोआ खोऱ्यातल्या लिनव्हिल क्रीकवर गेला, म्हणून त्याला ‘व्हर्जिनिया जॉन’ म्हणतात. ती जमीन तेव्हा ऑगस्टा काउंटीत होती, १७७८ पासून रॉकिंगहॅममध्ये. एक्सेटरचे घरही मॉर्डेकायच्या हयातीत फिलाडेल्फिया काउंटीत होते. आता ते ज्या बर्क्स काउंटीत आहे ती १७५२ ची. आणि राष्ट्राध्यक्षांचे जन्मस्थान हार्डिन काउंटीतले, पण १८४३ पासून ते लारू काउंटीत मोडते. माणूस जागचा हलत नाही, तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरतात. नवशिक्याने आधी नकाशा घ्यावा, नावांची यादी नंतर. त्यातही रॉकिंगहॅमच्या दफ्तराचा काही भाग १८६४ मध्ये यादवी युद्धात जळाला.

जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम साधारण १७८२ मध्ये केंटकीला गेला. त्याआधी काढलेल्या जमिनीच्या कागदावर त्याचे आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे पडले आहे. कारकुनाने कानाला आले तसे लिहिले. शोधयादीत फक्त ‘लिंकन’ पाहणाऱ्याच्या हाती आजोबा लागायचे नाहीत. मे १७८६ मध्ये शेतात काम करताना स्थानिक अमेरिकन इंडियनांच्या हल्ल्यात तो मारला गेला. घरात हे साल १७८४ म्हणून सांगत. कोर्टाच्या कागदांत मात्र तो १७८४ नंतरही जिवंत दिसतो. त्याच्या मालमत्तेची यादी नेल्सन काउंटीच्या दफ्तरात आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे : एक तांबडा घोडा, एक काळा, वासरांसह गाई, नांगर, खुरपणीच्या तीन कुदळी, जवसाच्या तागाचे सूत काढायचा चरखा, कथलाच्या डझनभर थाळ्या, करवत, निरनिराळ्या मापांचे सामते, रायफली. बापाचा चेहरा कोणी जपला नाही, पण त्याच्या चरख्याचीही किंमत लिहून ठेवली गेली.

ही मालमत्ता वाटली गेली नाही. जमिनीचा वारसा थोरल्यालाच, हा जुना कायदा व्हर्जिनियाने मोडीत काढला होता, पण नवा कायदा लागू झाला १ जानेवारी १७८७ ला. आठ महिने आधी बाप गेला, म्हणून सगळी जमीन मॉर्डेकाय याच नावाच्या थोरल्या मुलाकडे गेली आणि सर्वांत धाकटा मुलगा थॉमस हात हलवत राहिला. राष्ट्राध्यक्षांच्या बालपणीचे दारिद्र्य समजून घ्यायला ही तारीख पुरेशी आहे.

थॉमसनेही जमिनी घेतल्या. १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर. मोजणी चुकल्याने त्यातली ३८ एकर हातची गेली. १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगची ३०० एकर, २०० डॉलरला. तीही मालकीच्या वादात गेली. नॉब क्रीकवर फिलाडेल्फियातल्या एका माणसाच्या वारसांनी त्याला बाहेर काढण्याचा दावा लावला. केंटकीत जमिनीची चतुःसीमा ‘अमुक ओढ्यापासून खूण केलेल्या पांढऱ्या ओकपर्यंत’ अशी असे. ओक पडला की सीमाही पडली, आणि एकाच जागेवर दोघातिघांचे दावे चढत. डिसेंबर १८१६ मध्ये थॉमस इंडियानाला निघाला. लिंकन यांनी पुढे लिहिले की स्थलांतराचे थोडे कारण गुलामगिरी, पण मुख्य कारण जमिनीची कटकट. इंडियानात सरकारी मोजणी आधीच झाली होती : सहा मैलांचा चौरस, त्याचे ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा. थॉमसने पाव भाग, म्हणजे १६० एकर, व्हिन्सेन्सच्या कचेरीत नोंदवला. पैसे पुरे भरता न आल्याने १८२७ मध्ये ८० एकर परत केली आणि उरलेल्याचा पक्का कागद मिळवला. वंशशोधकाला गोंधळलेली केंटकीच जास्त आवडते, कारण कज्जे झाले की साक्षी होतात आणि साक्षीत नाती सांगावी लागतात.

थॉमसचे लिंकन यांची आई नॅन्सी हँक्स हिच्याशी लग्न १२ जून १८०६ ला झाले. लिंकन यांच्या हयातीत याची नोंद मिळाली नव्हती, कारण ती हार्डिन काउंटीत धुंडाळली गेली. लग्न झाले होते शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. १८७० च्या दशकात तेथल्या दफ्तरात पाद्री जेसी हेड यांचा दाखला आणि थॉमसने दिलेला ५० पौंडांचा जामीन कतबा सापडला, तोवर लिंकन यांच्या जन्माबद्दल नाही नाही ते बोलले जात होते. एका चुकीच्या काउंटीने केवढी बदनामी केली.

मातृकुळाचा पेच त्याहून अवघड. १७९३ मध्ये जोसेफ हँक्सने मृत्युपत्रात मुलांना एकेक घोडा आणि मुलींना एकेक कालवड दिली. प्रत्येक जनावराचे नाव लिहिले आहे : मेजर, बॉनी, गिल्बर्ट, टोबी, जेंटल, लेडी. मुलगी नॅन्सी हिला ‘पीडी’ नावाची कालवड. हीच लिंकन यांची आई, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापून आले आणि लोकांना पटलेही. पण ही नॅन्सी वेगळी, राष्ट्राध्यक्षांच्या आईची मावशी. आई ही ल्यूसी हँक्स हिची लग्नाआधीची मुलगी, असे लिंकन यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन त्यांच्याच तोंडचे म्हणून सांगत. ते अनेकांना ऐकवत नव्हते. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तपासणी या कुळातल्या स्त्रियांच्या वंशजांवर झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष ल्यूसीच्या बाजूने लागला.

जनगणनेचा येथे फारसा आधार नाही. १७९० पासून ती दर दहा वर्षांनी होते, पण १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बालपणीचा अब्राहम त्यामुळे बापाच्या नावापुढच्या रकान्यातला नुसता आकडा आहे. व्हर्जिनिया आणि केंटकीचे १७९० चे तक्ते उरलेच नाहीत. त्यांची जागा करयाद्या भरून काढतात. राष्ट्राध्यक्षांचा थेट वंश १९८५ मध्ये पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ यांच्याबरोबर संपला.

लिनव्हिलला मागे राहिलेली शाखा मात्र नांदली. तेथे जॉनचा मुलगा जेकब याने साधारण १८०० मध्ये बांधलेले घर आणि घराण्याची दफनभूमी आहे. व्हर्जिनियाचे लिंकन गुलाम बाळगून होते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या स्वतंत्र तक्त्यांत मालकाचे नाव आहे, गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. त्या माणसांच्या वंशजांना आपले पूर्वज शोधायचे तर मालकांच्या मृत्युपत्रांतून आणि मालमत्तेच्या याद्यांतून जावे लागते, जेथे एखादे पहिले नाव घोडे, नांगर आणि थाळ्यांच्या ओळींमध्ये किमतीसह येते.