मुलाला बांधायचे की घर आवरायचे

नुकते चालू लागलेले मूल दिसेल ते ओढते, हाती लागेल ते तोंडात घालते, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या मोठ्यांना प्रश्न पडतो, याला अडवायचे किती आणि मोकळे सोडायचे किती? हा प्रश्न जुनाच आहे; त्याचे उत्तर मात्र तीन शतकांत जवळजवळ उलटे झाले आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपात सुरक्षितता म्हणजे मुलाला जखडणे. तान्ह्याला कापडी पट्ट्यांत घट्ट गुंडाळत. ते पाय टाकू लागले की त्याच्या अंगरख्याच्या खांद्यांना लांब पट्ट्या शिवत, त्यांची टोके मोठ्यांच्या हाती असत, आणि पडल्यावर कपाळमोक्ष होऊ नये म्हणून डोक्याला जाड, मऊ भरणाची टोपी असे. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मधील ‘एमिल’ या शिक्षणावरील ग्रंथात हे सारे, पांगुळगाड्यासकट, नाकारले. मुलाला रोज कुरणात न्यावे, ते शंभरदा पडले तरी बिघडत नाही, उठायला लवकर शिकेल, असे त्याचे म्हणणे होते. पण कुरण प्रत्येकाच्या दारात नसते.

घराच्या आत काय करायचे, याचा विचार मारिया माँटेसरी यांच्या कामातून पुढे आला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. मुलाला स्वतः उचलता येईल अशी हलकी खुर्ची आणि हात पोचेल एवढ्या उंचीचे कपाट ही त्यांच्या पद्धतीची ओळख ठरली. १९४६ पासून बुडापेस्टमधील अनाथ बालकांच्या संस्थेत एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ त्याहून पुढे गेल्या : मूल स्वतःहून बसत नाही तोवर त्याला बसवायचे नाही, उभे राहत नाही तोवर उभे करायचे नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या बळाने वर चढलेल्या मुलाला उतरण्याची वाटही बहुधा ठाऊक असते.

तरीही मोकळीक म्हणजे मुलाला एकटे सोडणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात पाहिले की रांगणारी मुले आईपासून दूर जात, काही न्याहाळत आणि पुन्हा तिच्याकडे परतत. आई हा त्यांच्या शोधाचा सुरक्षित तळ होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे अगदी जवळून दिसते. वर्षाच्या मुलांपुढे जाड काच होती, आणि तिच्याखाली जमीन एकदम खोल गेल्यासारखी भासे. मुले कडेशी थबकत आणि पलीकडे उभ्या आईच्या तोंडाकडे पाहत. तिचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ मुले काच ओलांडून गेली; चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. मूल धोका आपल्या डोळ्यांनी जोखते, पण कौल मोठ्यांच्या चेहऱ्यावर शोधते.

जो धोका मुलाला जोखताच येत नाही, तो दूर ठेवण्याचे काम मात्र कायद्यांकडे आले. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने औषधे आणि घरातील विषारी द्रव्ये लहान मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा वेष्टनांत देणे बंधनकारक होऊ लागले. कॅनडाने २००४ मध्ये चाकांच्या बेबी वॉकरवर बंदी घातली. त्यात बसलेले मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते, आणि जिन्याच्या तोंडाशी थबकून आईकडे पाहायला लागणारा तो क्षणच त्याला मिळत नाही.