खरीप ज्वारी आणि दिवसाची लांबी : पार्श्वभूमी

दिवसाच्या लांबीवर फुलोरा ठरतो, हे तत्त्व १९२० मध्ये अमेरिकेत तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडले गेले. आपली खरीप ज्वारी त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच तत्त्वावर पिकत आली होती. गावरान वाण मृगात पेरले काय किंवा पंधरवडाभर उशिरा पेरले काय, निसवत (कणसे बाहेर काढत) ते पावसाळा सरताना, रात्र पुरेशी लांबल्यावरच. सोलापूरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचे अंतर असते. तेवढ्यावर हे वाण उघडिपीची वेळ साधत आणि दाणा कोरड्या हवेत भरून पांढराशुभ्र राही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत नरवंध्य (स्वतःचे पराग न देणारे) वाण वापरून संकरित ज्वारी तयार झाली. ज्वारी मूळची आफ्रिकेतील, पण अमेरिकेतल्या लांब दिवसांच्या उन्हाळ्यात ती वेळेवर निसवावी म्हणून दिवसाच्या लांबीला बांधलेले तिचे वागणे निवडीतून आधीच घालवलेले होते. तेथील मादी वाणावर बेतलेला सीएसएच-१ हा संकरित वाण भारतात १९६४ मध्ये प्रसारित झाला. गावरान ज्वारीला साडेचार-पाच महिने लागत, तर हा सुमारे शंभर दिवसांत काढणीला येई. परतीच्या पावसाने दगा दिला तरी पीक हाती लागते आणि एकरी उतारा वाढतो, हे त्यामागचे गणित खोटे नव्हते. मात्र जूनमध्ये पेरलेले हे पीक सप्टेंबरच्या पावसातच पक्व होऊ लागले. ओल्या कणसांवर बुरशी चढली, दाणा काळा पडला, बाजारात त्याचा भाव पडला आणि बुटक्या ताटांमुळे कडबाही घटला. बुरशी हा रोग असला, तरी तिला वाट करून दिली ती फुलोऱ्याच्या बदललेल्या वेळेने, आणि संकरित ज्वारीवरील पुढील वादात याच मुद्द्याला सर्वाधिक वजन मिळायला हवे होते. गावरान वाणांची दिवसाच्या लांबीबाबतची संवेदनशीलता म्हणजे मागासलेपण, असे गृहीत धरले गेल्याने तसे झाले नाही.

रब्बीत हा पेच उद्भवला नाही. १९३० च्या दशकात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी दिवस लहान होत असताना पेरली जाते, कोरड्या हिवाळ्यात पिकते आणि संकरित वाण येऊनही आपली जागा टिकवून आहे.

खरिपात पुढे बुरशीला तोंड देणारे संकरित वाण आले, आणि ज्वारीच्या फुलोऱ्याची वेळ ठरवणाऱ्या मुख्य जनुकाची ओळखही २०११ मध्ये पटली. तोवर विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीचे बरेचसे क्षेत्र सोयाबीनखाली गेले होते.