इंडिकेटर भराभर लुकलुकतोय? बॅटरी नाही, बल्ब बघा

सांगलीत कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ थांबा, एक वाक्य हमखास कानावर पडतं, "इंडिकेटर फास्ट मारतोय म्हणजे बॅटरी फुल आहे बघा." परवा विश्रामबागला परत ऐकलं, एका जुन्या शंभर सीसी गाडीबद्दल, आणि त्या गाडीचा उजवीकडचा मागचा बल्बच गेलेला होता. डावीकडं नीट, उजवीकडं भराभर. बॅटरी तर दोन्ही बाजूंना एकच असते ना, मग फरक कुठून आला, एवढा प्रश्न विचारला तरी उत्तर निम्मं सापडतं.

लुकलुक करायचं काम फ्लॅशरचं, म्हणजे सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागं असलेली ती छोटी डबी. जुन्या गाड्यांत ही डबी उष्णतेवर चालायची आणि मला ती अजूनही फार आवडते, कारण आत ना चिप ना ट्रान्झिस्टर, फक्त दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी. शाळेत द्विधातू पट्टी शिकलोय आपण, घरातल्या इस्त्रीतही तीच असते. एक मीटर लांबीचं पितळ 1 अंशानं तापलं की साधारण 19 मायक्रॉन वाढतं, पोलाद 12 च्या आसपास. दोघं चिकटलेले असल्यामुळं जास्त वाढणाऱ्याला सरळ लांब व्हायला जागाच नसते, म्हणून पट्टी वाकते. इंडिकेटर टाकला की बल्बांचा करंट याच पट्टीतून (किंवा तिच्यावर गुंडाळलेल्या तारेतून) जातो, पट्टी तापते, वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, बल्ब विझतो, करंट थांबला म्हणून पट्टी गार होते, परत सरळ होते, परत बल्ब पेटतो. तो टिक आवाज या कॉन्टॅक्टचा. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुक व्हायला हवी असा नियम आहे आणि ही बिचारी पट्टी नुसती तापून-गार होऊन तो पाळते!

आता खरी गंमत. एका बाजूला पुढं-मागं 10 वॅटचे दोन बल्ब, 12 व्होल्टवर मिळून 1.67 अँपिअर करंट. एक बल्ब उडाला की करंट निम्मा. पण उष्णता करंटच्या वर्गावर ठरते, म्हणजे करंट निम्मा झाला की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. पाव उष्णतेत पट्टी पुरेशी वाकतच नाही, आणि उरलेला बल्ब एकतर लुकलुकतच नाही, नुसता पेटून राहतो, किंवा फार हळू लुकलुकतो. मग फास्ट कधी होतो? फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असेल तेव्हा. त्यातली चिप एका छोट्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघून करंट मोजते आणि कमी दिसला की मुद्दाम वेग जवळजवळ दुप्पट करते, चालवणाऱ्याला कळावं म्हणून. म्हणजे दोन्ही प्रकारांत गाडी एकच गोष्ट सांगत असते, बल्ब गेलाय.

बॅटरीचा संबंध अगदीच नाही असं नाही. पट्टीवाल्या फ्लॅशरमध्ये बॅटरी बसली असेल तर आयडलिंगला दोन्ही बाजू मंद लुकलुकतात आणि रेस केली की वेग वाढतो. पण दोन्ही बाजू, हे महत्त्वाचं.

हँडलला लिंबू-मिरची बांधायची आणि मागचा बल्ब महिनोन्महिने बघायचा नाही, हे मला खरंच पटत नाही. उसाच्या सीझनला रात्री तासगाव रोडला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीत तुम्ही कुठं वळणार हे मागच्याला कळतं ते त्या 10 वॅटच्या बल्बमुळं, लिंबामुळं नाही.

एलईडी लावल्यावर होणारी गडबडही याच हिशोबातली. दोन एलईडी मिळून 2 वॅट धरले तर करंट दहावा हिस्सा, उष्णता शंभरावा, पट्टीला ऊबसुद्धा लागत नाही. एलईडीचा फ्लॅशर टाका, प्रश्न संपतो. काही जण करंट जुन्या बल्बांइतका व्हावा म्हणून जोडीला लोड रेझिस्टर लावतात, पण तो वाचवलेली वीज परत उष्णता करून घालवतो, मग एलईडी लावून मिळवलं काय? आणि मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच इंडिकेटर दिवा असेल तर एलईडी लावल्यावर चारही एकदम लुकलुकू शकतात. तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, डावी चालू केली की त्याचा करंट उजवीकडच्या बल्बांमधून अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला) जातो, जुन्या बल्बांची गार फिलामेंट एवढ्याशा करंटनं पेटत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर पेटतो. उपाय म्हणजे दोन डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे), डाव्या आणि उजव्या वायरवरून एकेक दिव्याकडं आणायचा आणि दिव्याचं दुसरं टोक थेट अर्थ करायचं.

दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज बघा, मग फ्लॅशरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडून इंडिकेटर टाका, बल्ब सलग पेटले तर फ्लॅशर गेलाय. एकच बाजू बंद किंवा मंद असेल तर बल्ब, होल्डर आणि अर्थ. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे कपलर (वायरचे जोड) उघडून बघा, तांब्यावर हिरवा थर असतो. त्यानं 1 ओहमचा अडथळा आला तरी 12 पैकी दीड व्होल्ट तिथंच खर्च होतो आणि उजेड साधारण एक तृतीयांशानं पडतो, मग नवीन बल्ब आणला तरी मंदच. गाडी नवीन रंगवल्यावर इंडिकेटर बिघडला तर दांडीच्या नटाखाली रंग बसून अर्थ तुटलाय का ते बघा, तेवढाच पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, नट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही.